बाईंची लय आणि संगणकाची फूटपट्टी

आमच्या शाळेत प्रार्थनेला पेटी वाजवणाऱ्या बाई निवृत्त झाल्या, त्याला काही वर्षं झाली. जाण्याआधी एका दुपारी त्यांनी स्वतः चाल लावलेली एक प्रार्थना पेटीवर वाजवत म्हटली आणि आम्ही ती मुद्रित करून ठेवली. सुरुवातीला थोडी आलापी, मग केरव्याच्या अंगानं तीन मिनिटांचं गाणं. साथीला तबला नाही, ढोलकी नाही, मेट्रोनोमची टिकटिक तर नाहीच. बाई आणि पेटी, एवढंच. आता सांधेदुखीनं बाईंची बोटं आखडली आहेत. त्या चालीचं त्यांच्या हातचं एवढं एकच ध्वनिमुद्रण शिल्लक आहे.

मागच्या वर्षी नववीच्या मुलांनी ठरवलं की स्नेहसंमेलनात हीच प्रार्थना बाईंच्या आवाजाबरोबर म्हणायची. तंबोरा, टाळ आणि ढोलकी संगणकावर तयार करून जोडायची. काम एका दिवसाचं आहे असं आम्हां सगळ्यांनाच वाटलं. त्याला दोन महिने लागले. त्या दोन महिन्यांत लोलक, सरासरी, मापनातली त्रुटी आणि अंतर-काल आलेख या वर्गातल्या नेहमीच्या गोष्टी आम्हांला पुन्हा एकदा, आणि जरा वेगळ्या बाजूनं, भेटल्या. त्या इथे मांडतो आहोत.

संगीत जुळवण्याच्या कोणत्याही संगणक-प्रोग्रॅममध्ये पडद्यावर एक आखणी दिसते. उभ्या रेघा सारख्या अंतरावर, दर रेघेला एक मात्रा. प्रकल्प उघडताना प्रोग्रॅम विचारतो, मिनिटाला किती मात्रा? उत्तर दिलं नाही तर तो बहुधा १२० धरून चालतो. संगणकावरची ढोलकी या रेघांवर वाजते. बाईंचं ध्वनिमुद्रण मात्र त्या रेघांना ओळखत नाही. ते सेकंदांत चालतं. म्हणजे आपल्याकडे दोन फूटपट्ट्या आहेत, एक सेकंदांची आणि एक मात्रांची. बाईंनी दुसरी पट्टी स्वतःच्या मनात धरली होती. ती कागदावर कुठेच नाही.

पहिल्या दिवशी आम्ही सरळ हिशेब केला. तालातला भाग १८० सेकंदांचा, मात्रा मोजल्या त्या २७६ (आकडे थोडे पूर्ण करून घेतले आहेत, तत्त्व तेच). म्हणजे मिनिटाला ९२. प्रोग्रॅमला ९२ सांगितलं, ढोलकी टाकली आणि ऐकायला बसलो. पहिल्या कडव्यापर्यंत बरं चाललं. मग ढोलकी हळूहळू पुढे सरकली. दुसऱ्या कडव्यात काहीतरी भलतंच, ओळखू येईल पण सांगता येणार नाही असं, बिघडलेलं होतं. आणि शेवटी, गंमत म्हणजे, सगळं पुन्हा जागेवर!

आपण आकड्यांनी पाहू. बाईंनी पहिल्या मिनिटात ८८ मात्रा घेतल्या, दुसऱ्यात ९२, तिसऱ्यात ९६. आपल्या भजनात लय अशी अंगानं वाढतेच. वारीतल्या दिंडीत चालणाऱ्या टाळकऱ्यांना कुणी ती वाढवायला सांगत नाही. बेरीज २७६, सरासरी ९२, दोन्ही बरोबर. पण पहिलं मिनिट संपताना बाई ८८ मात्रांवर आहेत आणि संगणक ९२ वर. तो ४ मात्रा पुढे गेला. दुसऱ्या मिनिटात दोघांचा वेग सारखा, म्हणून हे ४ मात्रांचं अंतर मिनिटभर तसंच राहिलं. तिसऱ्या मिनिटात बाईंनी ते भरून काढलं.

आता केरवा आठ मात्रांचा. ८८ म्हणजे बरोबर ११ आवर्तनं, म्हणजे बाई समेवर येत होत्या. त्याच क्षणी संगणक पाचव्या मात्रेवर, खालीवर होता. अख्खं दुसरं मिनिट एकाची सम आणि दुसऱ्याची खाली समोरासमोर! ठोके ठोक्यांवर पडत होते, म्हणून कानाला ‘बेताल’ म्हणता येईना, आणि तरी जीव कासावीस होत होता. आमच्या तबलजी मित्रानं हे दुरून ऐकूनच ओळखलं, आकडेमोड न करता.

सरासरी थोडी चुकली तर काय होतं हेही पाहण्यासारखं आहे. समजा बाई अगदी घड्याळासारख्या ९२ नं वाजवत आहेत आणि आपण ९२ ऐवजी साडेब्याण्णव लिहिलं. फरक अर्ध्या मात्रेचा, मिनिटाला. २७६ मात्रा संपायला आता १८० ऐवजी सुमारे १७९.०३ सेकंद लागतील. एक सेकंद आधी, म्हणजे दीड मात्रा आधी! छोटी त्रुटी साठत जाते. बँकेचं व्याज शिकवताना आपण हेच सांगतो, फक्त तिथे ती आनंदाची गोष्ट असते.

शाळेतल्या गणितातला एक जुना सापळाही इथे दबा धरून आहे. जाताना ताशी ४० आणि येताना ताशी ६० किलोमीटर वेगानं गेलं तर सरासरी ५० नाही, ४८ येते, कारण अंतरं सारखी आहेत, वेळ नाही. लयीचंही तसंच. वर तिन्ही तुकडे एकेक मिनिटाचे होते म्हणून ८८, ९२, ९६ यांची साधी सरासरी चालली. तुकडे सारख्या मात्रांचे असते तर चालली नसती. १९८३ साली वाद्यं आणि संगणक यांना जोडणारी मिडी नावाची भाषा ठरली. तिच्या फायलीत लय ‘मिनिटाला मात्रा’ अशी लिहीतच नाहीत. एका मात्रेला किती मायक्रोसेकंद, असं लिहितात. १२० साठी ५,००,०००. ९२ साठी ६,५२,१७४. मात्रेचा काळ सरळ बेरजेत मांडता येतो, वेग मांडता येत नाही. ज्यांनी हे ठरवलं त्यांनी हा विचार केला होता की नाही ते सोडा, विद्यार्थ्यांना व्यस्त प्रमाण शिकवायला हे उदाहरण सुरेख आहे.

मग आमच्यातल्या एकानं प्रोग्रॅममधली ‘सरळ करा’ अशी सोय शोधून काढली. तिनं बाईंचं ध्वनिमुद्रण मात्रामात्रांनी कापलं, प्रत्येक तुकडा ताणून किंवा आवळून आखणीच्या रेघांत बसवला. ढोलकी चपखल बसली. स्वरही हलले नाहीत. पूर्वी कॅसेटच्या यंत्राचे सेल उतरले की गाणं संथ व्हायचं आणि आवाजही खाली यायचा. ८८ ची लय नुसती फीत पळवून ९२ ला नेली असती तर स्वर जवळजवळ पाऊण अर्धस्वरानं चढला असता. आजचे प्रोग्रॅम ध्वनीचे अगदी बारीक तुकडे एकमेकांवर चढवून लांबी बदलतात आणि स्वर तसाच राखतात. तंत्र म्हणून ते नवलाचंच आहे.

आम्ही मोठ्या उत्साहानं ते बाईंना ऐकवलं. बाईंनी शेवटपर्यंत ऐकून घेतलं आणि म्हणाल्या, “आवाज माझाच आहे रे, पण वाजवतंय कोण?”

त्या दिवशी प्रश्न उलटा झाला. बाईंना रेघांवर आणण्याऐवजी रेघा बाईंपाशी न्यायच्या. आखणीच वाकवायची. याला ‘टेम्पो मॅप’ म्हणतात, आपण लयीचा नकाशा म्हणू.

ही उलटी रीत फार जुनी आहे. सतराव्या शतकाच्या सुरुवातीला सांतोरिओ नावाच्या इटालियन वैद्यानं नाडी मोजण्यासाठी एक लोलक वापरला. सेकंद अचूक मोजणारी घड्याळं तेव्हा नव्हती. रोग्याची नाडी धरायची आणि लोलकाची दोरी कमीजास्त करत राहायची, त्याचे झोके नाडीशी जुळेपर्यंत. जुळलं की दोरीची लांबी वाचायची. नाडीनं लोलकाशी जुळवून घ्यावं अशी अपेक्षा कुणी करणार नाही! पुढे १८१४ साली विंकेल यानं ॲम्स्टरडॅममध्ये दोन वजनांचा लोलक बनवला आणि मेल्ट्सेल यानं त्याला मोजपट्टी जोडून १८१५ साली पेटंट घेतलं. तो मेट्रोनोम. त्यापासून वाजवणाऱ्यानं यंत्राकडे पाहायचं, अशी सवय लागली.

सांतोरिओचा प्रयोग वर्गात जरूर करा. भिंतीतल्या आकड्यावरून दोरी सोडा, खाली दगड किंवा कुलूप बांधा, दुसरं टोक एका विद्यार्थ्याच्या हातात. प्रत्येक बाजूला जाण्याला एक मात्रा धरली तर एका पूर्ण आंदोलनात दोन मात्रा होतात. लोलकाचं सूत्र वापरून लांबी काढली तर मिनिटाला ८८ मात्रांसाठी सुमारे ४६ सेंटिमीटर येते, ९२ साठी ४२ आणि ९६ साठी ३९. (लांबी आकड्यापासून वजनाच्या मध्यापर्यंत मोजा.) गाणं लावा आणि दोरी हळूहळू ओढत लोलक गाण्याबरोबर ठेवायला सांगा. तीन मिनिटांत सात सेंटिमीटर. हा दोरीवरचा लयीचा नकाशाच झाला. आमच्या मुलांना हे संगणकापेक्षा जास्त आवडलं, हे कबूल करायला हवं.

नकाशा काढायचा तर प्रत्येक मात्रा कोणत्या सेकंदाला पडली हे हवं. सोपा उपाय म्हणजे ऐकता ऐकता मात्रेवर कळ दाबणं. ऑडॅसिटीसारख्या मोफत प्रोग्रॅममध्ये गाणं चालू असताना कळ दाबून खुणा करता येतात आणि त्यांच्या वेळा साध्या मजकुराच्या फायलीत उतरवून घेता येतात. तेही नसेल तर फोनवरच्या स्टॉपवॉचचं ‘लॅप’ बटण दर समेला दाबा, पुरतं.

आम्ही दर मात्रेला कळ दाबली, दोन ठोक्यांमधल्या काळानं ६० ला भागलं आणि आलेख काढला. आलेख म्हणजे करवतीचे दात! ८५, १०१, ८९, ९९... बाई अशा वाजवत असत्या तर प्रार्थनेला कुणी उभं राहिलं नसतं. चूक आमच्या बोटांची होती. माणसाचं बोट ३० मिलिसेकंद इकडेतिकडे सहज होतं. (ध्वनीला दहा मीटर जायला साधारण एवढाच वेळ लागतो, म्हणजे सभागृहात दहा मीटर मागे बसलेल्याला पेटी एवढी उशिरा ऐकू येते.) मात्रा ०.६५ सेकंदाची. एका टोकाला ३० मिलिसेकंद आणि दुसऱ्या टोकाला उलट दिशेनं ३०, म्हणजे ०.५९ ते ०.७१. लय काढली तर १०२ पासून ८४ पर्यंत काहीही येईल, आणि बाई मात्र शांतपणे ९२ वर!

यावर उपाय काय, हे प्रयोगशाळेत बसणाऱ्या कुणालाही माहीत आहे. लोलकाचा आवर्तकाल काढताना आपण एक आंदोलन मोजत नाही, वीस मोजतो आणि वीसनं भागतो. बोटाची चूक तेवढीच राहते, पण वीस आंदोलनांत वाटली जाते. आम्ही मग फक्त समेच्या वेळा घेतल्या. तोच ६० मिलिसेकंदांचा गोंधळ आता पाच सेकंदांच्या आवर्तनात वाटला गेला आणि लयीतली त्रुटी जेमतेम एका मात्रेवर आली. गाण्याच्या मधल्या भागातल्या सहा समा अशा:

१०२.४०, १०७.६२, ११२.७८, ११७.८६, १२२.९०, १२८.१६ सेकंद.

वजाबाकी केली की आवर्तनं ५.२२, ५.१६, ५.०८, ५.०४ आणि ५.२६ सेकंदांची येतात. ४८० ला यांनी भागा (आठ मात्रा गुणिले ६० सेकंद), लय मिळते: ९२.०, ९३.०, ९४.५, ९५.२ आणि शेवटी एकदम ९१.३. चढत चाललेली लय अचानक पडली. बाई दमल्या की काय?

इथे लोलकाची उपमा संपते. लोलकाचं विसावं आंदोलन पहिल्यासारखंच असतं, म्हणून वीसनं भागणं निर्धोक. बाईंची आठवी मात्रा पहिल्यासारखी असेलच असं नाही. त्या शेवटच्या आवर्तनात आम्ही पुन्हा मात्रा-मात्रा मोजली, तीन जणांनी, प्रत्येकी तीनदा, आणि सरासरी घेतली. पहिल्या सात मात्रा ०.६३ सेकंदाच्या निघाल्या. आठवी ०.८५. हिशेब करून पाहा, ५.२६ येतात. ०.६३ म्हणजे ९५.२, मागच्या आवर्तनाचीच लय, तंतोतंत. बाईंनी लय कमी केलीच नव्हती. ओळ संपली होती आणि त्यांनी श्वास घेतला होता. त्या श्वासाला ०.२२ सेकंद लागले आणि आम्ही ते आठ मात्रांत वाटून टाकून ‘लय उतरली’ असा निष्कर्ष काढून बसलो होतो.

हा फरक कागदी नाही. अख्ख्या आवर्तनाला ९१.३ दिलं तर आठव्या मात्रेशी येईपर्यंत ढोलकी बाईंच्या ०.१९ सेकंद मागे राहते. कान हे लगेच पकडतो. सात मात्रा ९५.२ नं आणि आठवी एकटी ७०.६ नं लिहिली की ढोलकी ओळीच्या शेवटी बाईंबरोबर थांबते आणि बरोबरच उचलते.

पण मग कुठल्या थरथरीवर विश्वास ठेवायचा आणि कुठली बोटाची म्हणून सोडायची? एकाच गाण्यावर अनेकांनी अनेकदा ठोके द्यावेत. बोटाची चूक दर वेळी नवी जागा शोधते, बाईंचा श्वास मात्र प्रत्येक कडव्यात त्याच शब्दानंतर भेटतो. आणखी एक खूण आहे. एखादा ठोका चुकून उशिरा पडला तर त्याच्या आधीचं अंतर वाढतं आणि नंतरचं तेवढंच घटतं. आलेखात एक उंच दात आणि लगेच शेजारी खोल खड्डा, असं दिसलं की बोट समजावं. विंग आणि क्रिस्टोफरसन या मानसशास्त्रज्ञांनी १९७३ साली ठोक्यांच्या थरथरीचे असेच दोन भाग पाडून दाखवले होते: एक मनातल्या घड्याळाचा आणि एक हाताच्या दिरंगाईचा. शेजारच्या अंतरांमधला हा उलटसुलटपणा त्यांच्या मांडणीत हाताच्या दिरंगाईमुळे येतो. बाईंच्या श्वासानंतर मात्र खड्डा नव्हता. पुढची मात्रा आपल्या नेहमीच्या लांबीची होती.

एका चुकीची तर काळजीच करायची नाही. टिकटिकीबरोबर ठोके देताना बहुतेक माणसं काही मिलिसेकंद आधीच ठोका देतात, ही गोष्ट प्रयोगांत पुन्हापुन्हा आढळली आहे. उलट बिनतारी हेडफोन लावले तर आवाजच शंभर-दोनशे मिलिसेकंद उशिरा पोचतो. पण चूक कायम सारखी असेल तर वजाबाकीत ती निघून जाते. सगळा नकाशा तेवढा पुढे किंवा मागे सरकलेला असतो. पहिली सम नीट जागेवर बसवली की झालं.

हे सगळं संगणकालाच का करू द्यायचं नाही, असं विद्यार्थ्यांनी विचारलंच. करू दिलं. प्रोग्रॅम ध्वनीत एकाएकी बदल कुठे होतो ते शोधतो. ढोलकीची थाप असेल तर हे सोपं, कारण आवाज क्षणात उसळतो. पेटीचा स्वर भात्याच्या हवेवर हळू फुगतो, त्याची ‘सुरुवात’ नेमकी कुठली हे ठरवणं अवघड. शिवाय प्रत्येक सुरुवात म्हणजे मात्रा नव्हे, आणि प्रत्येक मात्रेवर काही वाजतंच असंही नाही. म्हणून प्रोग्रॅमला तडजोड करावी लागते. डॅनियल एलिस यांनी २००७ साली प्रसिद्ध केलेली एक पद्धत हे छान करते. ठोक्यांच्या प्रत्येक संभाव्य मालिकेला ती दोन प्रकारे गुण देते: ठोके आवाजाच्या उसळीवर पडतात का, आणि त्यांच्यातली अंतरं सारखी आहेत का. सर्वांत जास्त गुणांची मालिका निवडायची. अंतरं सारखी असण्यावर भर जास्त दिला तर बाईंचा श्वास पुसला जातो, कमी दिला तर प्रोग्रॅम प्रत्येक हरकतीमागे धावतो. भर किती द्यायचा हे शेवटी माणसालाच सांगावं लागतं.

आमच्या प्रोग्रॅमनं बाईंची लय १८४ सांगितली. म्हणजे दुगुन. ही चूक म्हणावी की मत, हे आम्हांला अजून ठरवता आलेलं नाही. एकच गाणं ४६, ९२ आणि १८४ अशा तिन्ही अंगांनी मोजता येतं. मात्रा ध्वनीत ठेवलेली नसते, ऐकणारा ती बांधतो. विलंबित एकतालाचं एक आवर्तन मिनिटभर चालतं, तेव्हा मात्रेतल्या उपविभागांनाच मात्रा समजणाऱ्या यंत्राला आपण काय दोष द्यावा?

यातून एक पथ्य मात्र शिकलो. खूण मात्रेवर करायची, शब्दावर नाही. बाई दुसऱ्या कडव्यात एक शब्द मुद्दाम मात्रेच्या किंचित मागे टाकतात. पेटीच्या बोटांत मात्रा जागच्या जागी असते. आम्ही एका खुणेत तो शब्द धरला, तर ढोलकीही शब्दाबरोबर मागे झुकली आणि त्या जागेची सगळी गोडी गेली. ठेका जागेवर राहतो म्हणून तर शब्द मागे पडलेला कळतो. प्रत्येक स्वराचा पाठलाग करणारा नकाशा हा चांगला नकाशा नव्हे.

आणखी एक घोटाळा लिहून ठेवतो, कारण तो प्रत्येकाचा होतो. नकाशा तयार झाला, प्रोग्रॅमला दिला, आणि बाईंचं गाणंच वाकडंतिकडं झालं. प्रोग्रॅममध्ये प्रत्येक पट्टी सेकंदाला बांधायची की मात्रेला, हे ठरवावं लागतं. ढोलकी मात्रेला बांधलेली हवी, म्हणजे रेघा हलल्या की ती हलेल. बाईंचं ध्वनिमुद्रण सेकंदाला बांधलेलं हवं, म्हणजे काहीही झालं तरी ते हलणार नाही. आमच्याकडे दोन्ही मात्रेला बांधलेली होती. फूटपट्टी वाकवली की वस्तूही वाकायची! नकाशा देण्याआधी ही गाठ तपासा.

नववीच्या वर्गासाठी या सगळ्याचं एकच चित्र काढता येतं. आडव्या अक्षावर सेकंद, उभ्या अक्षावर मात्रांचा क्रमांक. मेट्रोनोमची रेघ सरळ, बाईंची किंचित वर वळत जाणारी, मध्ये मध्ये श्वासाच्या जागी क्षणभर आडवी झुकणारी. अंतर-काल आलेखात चढ म्हणजे वेग, तसा इथे चढ म्हणजे लय. ९२ ची सरळ रेघ आणि बाईंची रेघ दोन्ही टोकांना मिळतात आणि मध्ये त्यांच्यात चार मात्रांची फट दिसते. सरासरी वेग आणि तात्कालिक वेग यांतला फरक समजावताना आता आम्ही गाडीचं उदाहरण देत नाही, हा आलेख लावतो. रेघेची सुरुवात ४१ व्या सेकंदापासून आहे. त्याआधी बाईंची आलापी आहे, आणि तिथे मात्रा नाहीच. प्रोग्रॅमनं तिथेही ठोके शोधून दाखवले होते, ते आम्ही खोडले. तो भाग आलेखात कोरा आहे आणि तंबोरा तेवढा सेकंदांच्या हिशेबानं चालतो.

दुरुस्त केलेलं गाणं बाईंना पुन्हा ऐकवलं. त्यांनी पहिल्या श्वासाच्या जागी मान हलवली आणि दुसऱ्या कडव्यानंतर बरोबर म्हणायला लागल्या. आम्हांला तेवढं प्रमाणपत्र पुरेसं होतं. पण संगणकाची ढोलकी त्यांना “जरा शाळकरी” वाटली. नववीतला एक मुलगा ढोलकी वाजवतो. त्याला बाईंचं मूळ ध्वनिमुद्रण दिलं, नकाशा न दाखवता. चार दिवस ऐकून त्यानं साथ केली आणि कार्यक्रमात तीच वाजली.

नंतर त्याचे ठोकेही मोजून त्याच आलेखावर वेगळ्या रंगानं काढले. बहुतेक जागी दोन्ही रेघा एकमेकींवर आहेत. ओळीच्या शेवटी मात्र त्याची रेघ बाईंच्या आधी वाकायला लागते. सातव्या मात्रेपाशीच. बाई अजून शेवटचं अक्षर म्हणत असतात, आणि त्यानं त्यांच्या श्वासासाठी जागा करायला सुरुवात केलेली असते. आलेख विज्ञानाच्या खोलीत दाराजवळ लावला आहे.